खिडकीतील रोपवाटिका

(परिसर अभ्यास : इयत्ता ३ री ते ५ वी. तुळस, सब्जा, धने, मेथी व ओवा यांचे बी वर्गात रुजविण्याचा सहा आठवड्यांचा पाठ)

प्रास्ताविक

भाताचे रोप आधी टाकावे आणि ते पुरेसे वाढल्यावर चिखलात त्याची आवणी करावी, ही गोष्ट मावळातील मुलाला पुस्तकातून शिकवावी लागत नाही. बी एकदम साऱ्या शेतात न विखरता प्रथम थोड्या जागेत, नजरेखाली वाढवावे आणि रोप सशक्त झाल्यावर त्यास मोठ्या जागेत न्यावे, हे शहाणपण त्याच्या घरात पिढ्यानपिढ्या नांदत आले आहे. प्रस्तुत पाठ याच शहाणपणाचा लहान प्रमाणावर केलेला प्रयोग होय. भाताच्या खाचराऐवजी येथे खिडकीची फळी आहे आणि भाताच्या रोपाऐवजी तुळस, कोथिंबीर, मेथी अशा नित्य परिचयाच्या वनस्पती आहेत.

देहूरोडच्या आसपासच्या शाळांना या पाठाची विशेष गरज आहे. एका बाजूस इंद्रायणीकाठचे देहू, दुसऱ्या बाजूस घोरावडेश्वराचा डोंगर, मधून जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता व लोहमार्ग, लष्करी छावणी आणि पलीकडे चिंचवड-चाकणचे कारखाने, असा हा परिसर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ती स्मृती जपणारी कुटुंबे येथे आहेत. तुकोबांच्या पालखीबरोबर चालणारी वारकरी घरे आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून व परप्रांतांतून कारखान्यांच्या कामासाठी आलेले पालकही आहेत. यांपैकी पुष्कळ मुले एकाच खोलीच्या बिऱ्हाडात राहतात. त्या घरांना अंगण नाही, परसू नाही. ज्या मुलाच्या दारात माती नाही त्याने बी रुजताना कोठे पाहावे? त्याच्यापुरती ती माती वर्गाच्या खिडकीत आणून ठेवणे, हे शाळेचे काम आहे.

मुलाचे शिक्षण एखाद्या उपयुक्त हातकामाभोवती गुंफले जावे, हा विचार १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने मांडला. चरखा व टकळी आज बहुतेक शाळांतून दिसत नाहीत. परंतु हाताने करणे, डोळ्यांनी पाहणे आणि पाहिले तेच लिहिणे ही त्या विचारातील तत्त्वे जुनी झालेली नाहीत. एक मूठ माती व एक चिमूट बी एवढ्या साहित्यावर ती आजही अमलात आणता येतात.

पाठाचे उद्देश

१. बी हा सजीव पदार्थ असून पाणी, हवा व योग्य उष्णता मिळाल्यावर तो जागा होतो, हे मुलांच्या प्रत्यक्ष अनुभवास आणणे.
२. निरनिराळ्या बियांचा आकार, रुजण्याचा काळ व पहिली पाने यांतील भेद मुलांना ओळखता येणे.
३. मोजणे, मापणे व दररोज नोंद करणे या सवयी लावणे.
४. जे दिसले तेच लिहावयाचे, मग ते अपेक्षेप्रमाणे असो वा नसो, ही सत्यनिष्ठा अंगी बाणविणे.

चौथा उद्देश क्रमाने शेवटचा असला तरी महत्त्वाने पहिला आहे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

बी घरात का रुजवावे?

थंड देशांतून बी घरात रुजवितात ते बाहेरील हिमापासून कोवळ्या रोपांचे रक्षण व्हावे म्हणून. आपल्याकडे हिमाचे भय नाही. कारणे निराळी आहेत, आणि ती मुलांकडूनच काढून घ्यावीत. मावळपट्टीत जून-जुलैमध्ये पावसाच्या सरी जोराने कोसळतात. तुळशीचे बी खसखशीच्या दाण्याएवढे बारीक असते. उघड्या वाफ्यात ते टाकले तर एका सरीत वाहून जाते, किंवा उडालेल्या चिखलाखाली गाडले जाते. उन्हाळ्यात मातीचा वरचा थर दुपारपर्यंत कोरडा पडतो आणि नुकताच फुटलेला मोड करपतो. हिवाळ्यात रात्री गारठा पडला की तुळस, सब्जा यांचे बी लवकर हलत नाही. शिवाय कोंबड्या, शेळ्या व मुंग्या यांचा उपद्रव बाराही महिने असतो. ओसरी, व्हरांडा किंवा खिडकी येथे या साऱ्यांपासून बचाव होतो, आणि मुख्य म्हणजे मुलाला रोज रोप दिसते.

येथे ‘घरात’ याचा अर्थ अंधारात असा घेऊ नये. बी अंधारात रुजू शकते. रोप अंधारात जगू शकत नाही. हा भेद या पाठाचा एक मुख्य मुद्दा आहे.

बियांची निवड

बी शक्यतो घरातील डब्यातून व शाळेजवळच्या झाडांवरून मिळवावे. कृषी सेवा केंद्रात मिळणारे बी पुष्कळदा थायरमसारख्या बुरशीनाशकात घोळलेले असते आणि ओळखू यावे म्हणून त्यास गुलाबी, लाल वा हिरवा रंग दिलेला असतो. असे रंगीत बी मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. ते विषारी असते आणि लहान मुले दाणे तोंडात घालतात, हे विसरून चालणार नाही.

मेथी : पाठाचा आरंभ मेथीने करावा. रात्रभर भिजविलेली मेथी बहुधा तीन ते पाच दिवसांत मातीवर डोके काढते. त्यामुळे मुलांचा धीर सुटत नाही. मेथीचे पहिले खरे पान एकटेच असते आणि त्यानंतरची पाने तीन-तीन दलांची येतात. ही गोष्ट आधी सांगू नये, मुलांना शोधू द्यावी. मेथी शेंगावर्गीय आहे. महिन्याने रोप हळूच उपटून मुळे धुतली तर त्यांवर बारीक गाठी दिसण्याचा संभव असतो.

धने : ज्यास आपण धन्याचे बी म्हणतो ते वस्तुतः फळ असते, आणि त्याच्या दोन अर्ध्या भागांत एकेक बी असते. म्हणून पेरण्यापूर्वी धने फरशीवर पसरून वाटीच्या बुडाने हलके रगडावेत, दोन भाग सुटे करावेत आणि रात्रभर पाण्यात ठेवावेत. फार जोर केल्यास बी फुटते. मोड येऊन मातीवर दिसण्यास आठ ते पंधरा दिवस लागतात. पहिली दोन पाने लांबट व अरुंद असतात. ती पाहून मुले ‘ही कोथिंबीर नव्हे’ असे म्हणतील. त्यांना थांबून पाहण्यास सांगावे. कोथिंबिरीस कडक उन्हाळा मानवत नाही. तो आला की ती लवकर फुलावर येते.

तुळस : हिवाळ्यात वाळलेल्या मंजिऱ्या जपून ठेवाव्यात. तळहातावर चोळून फोलपट फुंकले की बी हाती राहते. प्रत्येक वाळलेल्या पेल्यात जास्तीत जास्त चार बिया असतात. भिंग असल्यास मुलांनी मोजाव्यात. बी बारीक असल्याने त्यात चौपट कोरडी वाळू मिसळून पेरावे, म्हणजे ते एका ठिकाणी पडत नाही. वरून मातीचा जाड थर देऊ नये. चाळलेल्या खताची नुसती भुरभूर पुरे. रुजण्यास साधारण आठ ते बारा दिवस लागतात.

सब्जा : हा तुळशीच्याच कुळातील, पण निराळ्या जातीचा. याचे दाणे पाण्यात टाकले असता थोड्याच मिनिटांत प्रत्येकाभोवती पांढुरका बुळबुळीत थर चढतो. सरबतात किंवा फालुद्यात मुलांनी तो पाहिलेला असतो. बी आपल्याभोवती पाणी धरून ठेवते, ते कशासाठी, हा प्रश्न विचारून उत्तरासाठी एक दिवस द्यावा.

ओवा : दाणा लहान असल्याने उथळ पेरावा, रुजण्यास एक ते दोन आठवडे लागतात. कुंडीत लावतात तो जाड, लवदार पानांचा पानओवा व मसाल्यातील ओवा या दोन भिन्न वनस्पती आहेत. ओवा धन्याच्या कुळातील, तर पानओवा तुळशीच्या कुळातील आहे. वास मिळताजुळता म्हणून नाव मिळतेजुळते पडले, एवढेच.

सर्वच उपयुक्त वनस्पती बियांपासून लावीत नाहीत, हेही मुलांस दाखवावे. पुदिना, पानओवा व गुळवेल यांची लागवड खोडाच्या तुकड्यापासून, गवती चहाची ठोंब फोडून आणि कोरफडीची बुडाशी फुटलेल्या पिलांपासून करतात. कढीपत्त्याचे बी रुजते, पण ते ताजे असावे लागते. वाळवून ठेवले तर त्याचा जीव लवकर जातो.

साहित्य

नारळाच्या करवंट्या, कागदी पेले, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्यांचे कापलेले तळ, यांपैकी जे मिळेल ते घ्यावे. विकत काही आणू नये. प्रत्येक भांड्याच्या बुडाशी खिळ्याने तीन-चार छिद्रे पाडावीत. हे काम शिक्षकांनी स्वतः करावे. बाटली कापल्यावर धारदार कडेस चिकटपट्टी लावावी.

मातीचे मिश्रण असे करावे : चाळलेली माती एक भाग, पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग, जाडसर वाळू एक भाग. काळी माती एकटी वापरल्यास ती पाणी धरून बसते आणि वाळल्यावर भेगाळते. म्हणून वाळू आवश्यक आहे. काथ्याचा भुसा, ज्यास बाजारात कोकोपीट म्हणतात, मिळाल्यास वाळूबरोबर थोडा घालावा. परंतु त्याच्यावाचून अडत नाही. ताजे शेण मात्र कधीही घालू नये.

माती उन्हाळ्यातच तयार करून ठेवता आली तर उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत ओलसर माती गच्चीवर अगर ओट्यावर वीतभर पसरावी, पारदर्शक प्लॅस्टिकने झाकावी, कडा दगडांनी दाबाव्यात आणि चार ते सहा आठवडे तशीच ठेवावी. कागदाखाली माती तापते व तणाचे बी, किडींची अंडी आणि रोग निर्माण करणाऱ्या बुरशी यांचा पुष्कळसा नाश होतो. भातासाठी राब भाजतात त्यातही तण मारण्याचा हेतू असतोच. हा संबंध शेतकऱ्यांच्या मुलांकडून वदवून घ्यावा.

पाठाचे टप्पे

पहिला आठवडा : बियांची परीक्षा. प्रत्येक गटाने एका जातीचे २० दाणे मोजून घ्यावेत, ओल्या स्वच्छ फडक्यात ओळीने मांडावेत, फडक्याची गुंडाळी करून ताटलीत ठेवावी आणि फडके सुकू देऊ नये. मोड आलेले दाणे रोज मोजावेत. २० पैकी १४ रुजले तर शेकडा प्रमाण ७० होते. येथे धन्याचा गट बहुधा घोटाळ्यात पडतो. अखंड २० धन्यांपैकी १४ रुजले, परंतु एकेका धन्यातून दोन-दोन मोड आल्याने एकूण मोड २३ भरले, असे समजा. मूल २३ ला ५ ने गुणते आणि शेकडा ११५ असे उत्तर आणते. हे उत्तर चूक म्हणून खोडू नये. शंभरातून एकशे पंधरा कसे रुजतील, हा प्रश्न वर्गापुढे ठेवावा. आपण मोजले काय आणि भागले कशाने, याचा विचार मुले येथे प्रथमच मनापासून करतात. शेकडेवारीचा याहून चांगला पाठ पुस्तकात सापडणे कठीण.

दुसरा आठवडा : पेरणी. भांडी काठापासून बोटभर खाली राहतील इतकी भरावीत, पाणी शिंपडून माती बसू द्यावी आणि मग पेरावे. बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल, हा स्थूल नियम लक्षात ठेवावा. मेथी व धने एक सेंटिमीटर खोल. ओवा अगदी उथळ. तुळस व सब्जा जवळजवळ वरच. प्रत्येक भांड्यावर बियाचे नाव, पेरणीचा दिनांक व मुलाचे नाव लिहावे. मेथी व कोथिंबीर यांचे सोटमूळ दुखावले की ती रोपे मागे पडतात. म्हणून ज्या भांड्यात वाढवायची त्यातच ती पेरावीत. तुळस मात्र एका पसरट भांड्यात दाट पेरून नंतर वेगळी करता येते.

पाणी सकाळी द्यावे. बाटलीच्या झाकणास टाचणीने छिद्रे पाडली की चांगली झारी तयार होते. बारीक बियांच्या भांड्यांना वरून पाणी न घालता ती पाण्याच्या ताटलीत दहा-पंधरा मिनिटे ठेवावीत. माती खालून पाणी ओढून घेते. नंतर ताटली रिकामी करावी. ताटलीत पाणी साचू देणे हे केवळ रोपास अपायकारक नाही. डेंग्यूचा प्रसार करणारा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो व आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास निघतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व ताटल्या घासून कोरड्या कराव्यात आणि हा दिवस फळ्यावर लिहून ठेवावा.

पाणी घालण्याची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने सर्वांस द्यावी. झाडलोट व पाणी मुलींकडे आणि मोजमाप व नोंद मुलांकडे, अशी विभागणी पुष्कळ वर्गांत नकळत होते. ती कटाक्षाने टाळावी.

तिसरा आठवडा : तुलनेचा प्रयोग. मेथीचे दहा-दहा दाणे चार पेल्यांत पेरावेत. पहिला खिडकीत ठेवून बेताचे पाणी द्यावे. दुसऱ्यास तितकेच पाणी द्यावे, पण तो खोक्याखाली झाकावा. तिसऱ्यास पाणी मुळीच देऊ नये. त्याचे दाणे भिजविलेलेही नसावेत. चौथ्यास छिद्रे नसावीत व तो पाण्याने भरून ठेवावा. काय होईल ते मुलांनी आधी लिहावे आणि सात दिवसांनी ताडून पाहावे.

दुसऱ्या पेल्यात बी रुजलेले पाहून मुलांना आश्चर्य वाटते. रोपे उंच, किरकोळ व पिवळट असतात. यावरून कळते की मोड येण्यापुरती शिदोरी बियातच असते, पुढील वाढीसाठी मात्र उजेड हवा. चौथ्या पेल्यातील दाणे फुगतात, क्वचित मोडही येतो, पण बहुधा ते कुजतात, कारण त्यांस हवा मिळत नाही. तिसऱ्या पेल्यातील दाणे तसेच्या तसे राहतात. ते काढून, भिजवून पुन्हा पेरावेत. ते रुजले म्हणजे मुलांना उमजते की ते मेलेले नव्हते, पाण्याची वाट पाहत होते.

चौथा आठवडा : उजेडाकडे वळण. खिडकीतील रोपे एकाच बाजूस झुकलेली दिसू लागतील. चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी अशाच कोवळ्या अंकुरांची टोके झाकून व उघडी ठेवून प्रयोग केले आणि १८८० साली ते प्रसिद्ध केले. टोक झाकले की अंकुर वळत नाही, असे त्यांस आढळले. जगातील एका थोर शास्त्रज्ञाची सामग्री आपल्या खिडकीतल्या सामग्रीहून फारशी वेगळी नव्हती, हे मुलांस अवश्य सांगावे. रोपे सरळ राहावीत म्हणून भांडे रोज पाव वळसा फिरवावे. ढगाळ दिवसांत वर्गात उजेड कमी पडतो, तेव्हा भांडी पावसाचा मारा न लागेल अशा बेताने व्हरांड्यात ठेवावीत.

पाचवा व सहावा आठवडा : विरळणी, सवय व स्थलांतर. दाट रोपांतील अशक्त रोपे कात्रीने बुडाशी कापावीत. उपटल्यास शेजारच्या रोपाची मुळे हलतात. मेथी साधारण महिन्याने काढण्याजोगी होते. तुळशीच्या रोपांस चार-पाच पाने आली की ती एकेक करून वेगळ्या पेल्यांत लावावीत. रोप खोडाला न धरता पानाला धरावे. पान तुटले तर नवे येते, खोड चेपले तर रोप जाते. बाहेर नेण्यापूर्वी आठवडाभर सवय करावी : पहिल्या दिवशी एक तास सावलीत, मग दोन तास, पुढे कोवळ्या उन्हात. आवणीप्रमाणे हे कामही ढगाळ दिवशी किंवा सायंकाळी करावे.

नेहमी येणाऱ्या अडचणी

उभी असलेली रोपे एका रात्रीत बुडाशी मऊ पडून आडवी होतात. यास रोपे कोलमडणे म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारखे मातीतील रोगकारक जीव त्यास कारण होतात. अति ओल, दाट पेरणी व कोंडलेली हवा ही त्यांना पोषक ठरतात. कोलमडलेली रोपे पुन्हा उभी राहत नाहीत. ती मातीसह बाहेर टाकावीत, त्या भांड्याची माती दुसऱ्यात मिसळू नये, पाणी कमी करावे व खिडक्या उघड्या ठेवाव्यात. हा उपद्रव पावसाळ्यात विशेष होतो. दयाळू मूल दिवसातून चार वेळा पाणी घालते आणि त्याचेच रोप प्रथम मरते. त्याला रागावण्याऐवजी बोट पेरभर मातीत घालून ओल पाहण्याची रीत शिकवावी.

सुट्ट्यांचा प्रश्नही आधी सोडवावा. जूनमध्ये शाळा उघडताच पहिली पेरणी केली तर सहा आठवडे अखंड मिळतात. याच सुमारास, ज्येष्ठ वद्य सप्तमीस, देहूहून पालखी निघते आणि स्त्रिया डोईवर तुळशीवृंदावन घेऊन चालतात. तेव्हा तुळशीविषयी बोलण्यास आणखी निमित्त शोधावे लागत नाही. जुलैच्या आरंभी पेरलेली तुळस ऑगस्टमध्ये कुंडीत जाते आणि कार्तिकातील तुळशीच्या लग्नापर्यंत चांगली वाढते. मात्र हा पाठ वनस्पतीचा आहे, पूजेचा नव्हे. ज्या घरी तुळस पुजली जात नाही त्या मुलाने सब्जा, मेथी किंवा ओवा निवडला तर तोही तितकाच चांगला विद्यार्थी आहे. निवड मुलाची असावी.

औषधाविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. तुळस व ओवा यांचे घरगुती उपयोग मुले सांगतील. ते ऐकून घ्यावेत, लिहूनही ठेवावेत. परंतु शाळेने काढा वा रस करून मुलांस देऊ नये. आजारी मुलास दवाखान्याची वाट दाखवावी. ओळख पटल्याशिवाय कोणतेही पान वा बी तोंडात घालू नये, हा नियम पाळला जावा. धोत्र्यासारखी विषारी झाडे शाळेच्या कुंपणाशीच उगवतात.

नोंदवहीचे महत्त्व

प्रत्येक मुलाच्या वहीत दिनांक, पाणी दिले की नाही, रोपांची संख्या, उंची सेंटिमीटरमध्ये आणि ‘आज काय दिसले’ असे पाच रकाने असावेत.

कोणत्याही वर्गात चाळीस भांड्यांपैकी काही भांडी रिकामी राहणारच. ते मूल रोज येऊन आपल्या काळ्या मातीकडे पाहते आणि शेजाऱ्याच्या हिरव्या पेल्याकडे पाहते. त्या वेळी शिक्षक काय करतात यावर पाठाचे यश अवलंबून आहे. दया येऊन दुसऱ्याचे रोप त्याच्या भांड्यात लावले, किंवा अधिकारी येणार म्हणून आदल्या दिवशी विकतची रोपे आणून मांडली, तर खिडकी हिरवी दिसेल; परंतु त्या मुलाने एक गोष्ट कायमची शिकलेली असेल : खरे लिहिण्यापेक्षा चांगले दिसणे अधिक मोलाचे असते. चाळीस रोपे वाढवून ही एक समजूत वर्गात रुजली, तर पाठ न घेतलेलाच बरा होता.

रिकाम्या भांड्याच्या मुलाने ‘आज काही दिसले नाही’ असे रोज लिहावे आणि ती नोंद पूर्ण गुणांची मानावी. पंधरा दिवसांनी भांडे सर्वांसमोर वर्तमानपत्रावर पालथे करावे व बी शोधावे. ते कुजले आहे काय? फार खोल गेले काय? मुंग्यांनी नेले काय? की मुळातच पोकळ होते? कारण सापडले तर ते वर्गाचे ज्ञान झाले. न सापडले तर ‘कारण सापडले नाही’ असेच लिहावे. नंतर त्या मुलाने नव्याने पेरावे. वर्गाच्या एकूण टक्केवारीत रिकामी भांडी धरलीच पाहिजेत. ती वगळून काढलेली टक्केवारी हा गणितातील असत्याचा पहिला धडा होय.

शाळा पाहण्यास येणाऱ्यांनीही प्रथम वही मागावी व नंतर खिडकीकडे पाहावे. वही खरी असेल तर करपलेले रोपही त्या शिक्षकाच्या कामाची साक्ष देईल.

इतर विषयांशी समवाय

गणित : शेकडेवारी, सरासरी उंची, वाढीचा स्तंभालेख.
भाषा : ‘माझ्या बियाची दैनंदिनी’ हे लेखन. परप्रांतांतून आलेल्या मुलांकडून त्यांच्या घरची नावे घ्यावीत : कोथिंबीर व धने यांना हिंदी भाषिक घरांत धनिया, ओव्याला अजवाइन, बडीशेपेला सौंफ म्हणतात. फळ्यावर दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहावीत. वर्गात बहुधा गप्प बसणाऱ्या मुलाला त्या दिवशी सांगण्यासारखे काही असते.
चित्रकला : बीजपत्रे व खरी पाने यांची रेखाटने. तुळस, सब्जा व पुदिना यांचे चौकोनी खोड बोटांनी चाचपून, तसेच धने, ओवा व शेपू यांचा छत्रीसारखा फुलोरा पाहून काढावा.
आहार : तयार मेथी व कोथिंबीर धुऊन शाळेच्या पोषण आहारात घालावी. ती मूठभर असली तरी वाटणी सर्वांत व्हावी.

मुलांसाठी प्रश्न

१. अंधारात ठेवलेली मेथी रुजली, तरी ती पिवळी का पडली?
२. एका धन्यातून दोन रोपे कशी आली?
३. तुळशीचे बी मेथीइतके खोल पेरले तर काय होईल? करून पाहा.
४. ओवा व पानओवा एकाच कुळातील आहेत काय? कशावरून?
५. तुझ्या भांड्यातील किती बिया रुजल्या नाहीत? त्याचे कारण तुला कसे शोधता येईल?

शिक्षकांसाठी स्वाध्याय

पाठ संपल्यावर वर्गाची एकत्रित नोंद एका पानावर तयार करावी. त्यात पेरलेल्या बिया, रुजलेल्या बिया, कोलमडलेली रोपे, स्थलांतरानंतर जगलेली रोपे व पुढील वर्षी करावयाचा बदल, एवढे पाच मुद्दे असावेत. केंद्राच्या शिक्षण परिषदेत या पानांची देवाणघेवाण करावी. इंद्रायणीकाठच्या काळ्या मातीतील शाळेचा अनुभव आणि डोंगराकडील मुरमाड मातीतील शाळेचा अनुभव यांत फरक पडेल. तो फरक का पडला, यावर चर्चा करावी. बी मात्र दरवर्षी आपल्याच वर्गातील रोपांचे धरावे. तुळशीच्या मंजिऱ्या वाळल्या की त्या कागदी पुडीत घालून वर वर्ष लिहावे व पुडी कोरड्या जागी ठेवावी, म्हणजे पुढील वर्षी येणाऱ्या मुलांच्या हाती ती देता येईल.